थंडी मोजणारी झाडं

७ नोव्हेंबर २०१९ रोजी काश्मीर खोऱ्यात बर्फ पडलं. काश्मीरला बर्फाचं काय नवल, असं कुणालाही वाटेल. पण जानेवारीत ज्या बर्फाची बागायतदार वाट बघत असतात, त्याच बर्फानं त्या दिवशी शोपियान, पुलवामा, कुलगाम भागातल्या सफरचंदाच्या बागा अक्षरशः मोडून टाकल्या. झाडांची पानगळ व्हायची होती. काही झाडांवर तर फळंही होती. उघड्या फांदीवरचं बर्फ घसरून खाली पडतं, पण पानांनी भरलेल्या फांदीवर ते साचत जातं. त्यात नोव्हेंबरचं बर्फ ओलं आणि जड. फांद्या काडकाड मोडल्या, काही झाडं तर बेचक्यापासून खालपर्यंत उभी चिरत गेली. २०१८ च्या नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातही हेच घडलं होतं. २०२१ मध्ये बर्फानं आणखी घाई केली आणि २३ ऑक्टोबरलाच बागा गाठल्या.

जुन्या पद्धतीचं, बियाण्याच्या खुंटावर कलम केलेलं सफरचंदाचं झाड नीट फळाला यायला सात-आठ वर्षं घेतं आणि पूर्ण भरात यायला त्याहून बरीच जास्त. त्यामुळे एका रात्रीत मोडलेली बाग म्हणजे एका हंगामाचं नुकसान नव्हे. बापानं लावलेल्या झाडाची मुलाच्या हातची कमाई त्या रात्री जाते.

थंड मुलखात झाडांचं सगळ्यात जास्त नुकसान कडाक्याच्या थंडीनं होत असणार, असं आपण दख्खनच्या पठारावर बसून सहज धरून चालतो. प्रत्यक्षात ऐन हिवाळ्यात गाढ झोपलेलं सफरचंदाचं झाड उणे वीस अंशही निमूट सोसतं. त्याच्या खोडातल्या काही पेशींमधलं पाणी तर उणे चाळीसच्या आसपास जाईपर्यंत न गोठता द्रवरूपात राहू शकतं. हेच झाड एप्रिलमध्ये फुलावर असताना उणे दोन अंशांना हरतं. पारा किती उतरला यापेक्षा तो कधी उतरला, त्याआधी ऊब किती आली होती आणि झाड तेव्हा कुठल्या अवस्थेत होतं, यावर सगळं अवलंबून असतं. गेल्या काही दशकांत बिघडला आहे तो नेमका हा क्रम.

झाड झोपी कसं जातं, हे पाहिलं की पुढचं सगळं उलगडतं. थंड प्रदेशातली बरीच झाडं दिवस लहान होऊ लागले की वाढ थांबवतात. सफरचंद आणि नाशपाती मात्र दिवसाच्या लांबीकडे फारसं लक्ष देत नाहीत, ती तापमानाकडे बघतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्वच्छ दिसलं. याचा अर्थ असा की शरद ऋतू उबदार राहिला तर झाडाला झोपेची वेळ झाल्याचं कळतच नाही. पानं हिरवी राहतात, गळत नाहीत, आणि मग एखादी पश्चिमी झंझावाताची लाट आली की तेच भरल्या पानांचं झाड बर्फाखाली सापडतं. काश्मीरच्या मोडलेल्या बागांमागे लवकर आलेलं बर्फ जेवढं आहे, तेवढीच उशिरा होणारी पानगळही असू शकते.

झोपी गेलेली कळी साधी ऊब मिळाली म्हणून उठत नाही. हिवाळ्यात चार उबदार दिवस आले आणि झाड फुललं, तर पुढच्या कडाक्यात ते संपेलच. म्हणून झाडानं हजारो वर्षांत एक उपाय कमावला आहे. पुरेशी थंडी भोगून झाल्याशिवाय उठायचं नाही. आधी थंडीचे तास भरायचे, मग उबेचे. शेतकरी या थंडीच्या तासांनाच ‘चिलिंग आवर्स’ म्हणतात, आणि शिमल्यापासून किन्नौरपर्यंत हा शब्द आता खताच्या नावाइतका रुळला आहे. ढोबळ हिशेब असा, की पारा सात अंशांच्या खाली असलेला प्रत्येक तास जमेला धरायचा. हिमाचलची जुनी लाडकी ‘रॉयल’ म्हणजे रॉयल डेलिशियस किंवा तिच्या कुळातल्या जाती साधारण आठशे ते बाराशे तास मागतात.

झाडाचा खरा हिशेब मात्र इतका सरळ नाही. अमेरिकेत युटामध्ये १९७४ साली मांडलेल्या पद्धतीनुसार साधारण अडीच ते नऊ अंशांमधली थंडी सगळ्यात कामाची. गोठणबिंदूखालचा कडाका जवळपास बिनकामाचा. आणि सोळा अंशांच्या वर गेलेले तास तर जमलेल्या थंडीतून वजा होतात! जानेवारीतली एखादी उन्हाळ्यासारखी दुपार आधीच्या रात्रीची कमाई पुसून टाकते. नंतर इस्रायलमध्ये याहून बारकाईची पद्धत तयार झाली. उबदार देशांत फळझाडं लावणाऱ्यांना ती जास्त भरवशाची वाटते.

थंडी अपुरी पडली तर काय होतं? झाड मरत नाही. ते गोंधळतं. फुलांच्या आधी पानं येतात. बहर आठवड्याऐवजी तीन-तीन आठवडे रेंगाळतो, एकाच फांदीवर एक कळी उमललेली आणि शेजारची मिटलेली. आणि इथे दुसरं संकट उभं राहतं. डेलिशियस जातींना स्वतःचा पराग चालत नाही, फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. म्हणून बागेत गोल्डन डेलिशियससारखी परागदाती झाडं मध्ये मध्ये लावलेली असतात. दोन्ही जाती थंडीचा हिशेब वेगवेगळा ठेवतात. हिवाळा नीट असला तर त्यांचे बहर जुळतात, बिघडला तर एकीचा बहर ओसरतो तेव्हा दुसरी उमलते. त्यातच ढग, वारा आणि बारा-तेरा अंशांखालचा गारठा असेल तर मधमाशा पेटीबाहेर पडायला नाखूश असतात. हिमाचलात फुलोऱ्याच्या दिवसांत मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात, तरीही भागत नाही असं दिसलं की परागदात्या झाडाच्या फुललेल्या फांद्या कापून पाण्याच्या बाटल्यांत खोचतात आणि त्या बाटल्या रॉयलच्या झाडांवर बांधतात. डोंगरउतारावरच्या बागेत झाडाझाडावर लटकणाऱ्या या फुलांच्या बाटल्या बघितल्या की परागीकरणासारखी आपोआप होणारी गोष्टही माणसाला हातानं जुळवून द्यावी लागते आहे, हे लक्षात येतं.

नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला यातलं काही परकं वाटणार नाही. द्राक्षवेलही मूळची थंड हिवाळ्याची. आपल्याकडे तिला हवी तेवढी थंडी मिळत नाही, म्हणून ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत यासाठी काड्यांना हायड्रोजन सायनामाइड लावतात. महाराष्ट्रानं थंडीची उणीव रसायनानं भरून काढायला केव्हाच सुरुवात केली. हिमालयाला ती वेळ आता येते आहे, एवढाच फरक.

हिमाचलात सफरचंद तसं फार जुनं नाही. कॅप्टन आर. सी. ली या इंग्रजानं १८७० च्या सुमारास कुलू खोऱ्यात बंदरोलला इंग्रजी जातींची बाग लावली. ती फळं आंबटसर होती, बाजारात फारशी चालली नाहीत. खरा बदल घडवला तो सॅम्युएल इव्हान्स स्टोक्स यानं. फिलाडेल्फियाच्या सधन क्वेकर घरातला हा तरुण १९०४ मध्ये सबाथूच्या कुष्ठरोग्यांची सेवा करायला आला, पुढे शिमल्याच्या वरच्या कोटगढमध्ये स्थायिक झाला आणि तिथल्याच मुलीशी त्यानं लग्न केलं. १९१६ मध्ये त्यानं अमेरिकेतल्या स्टार्क ब्रदर्स या रोपवाटिकेतून रेड डेलिशियसची रोपं आणली. शेजाऱ्यांना कलमं दिली, लागवड शिकवली. हाच माणूस असहकार चळवळीत तुरुंगात गेला आणि १९३२ मध्ये सत्यानंद स्टोक्स झाला. गहू-बटाट्यावर जेमतेम निभणाऱ्या गावांच्या हाती त्या लाल, गोड फळानं पैसा दिला. आज एक लाख हेक्टरहून अधिक जमिनीवर हिमाचलात सफरचंद आहे. मुलांची शिक्षणं, पक्की घरं, मुलींची लग्नं सगळं ‘पेटी’च्या हिशेबात बोललं जातं.

म्हणूनच एका वर्षीचा फटका साऱ्या खोऱ्याला बसतो. २०१०-११ मध्ये हिमाचलात जवळपास नऊ लाख टन सफरचंद झालं, त्यापुढच्याच वर्षी जेमतेम पावणेतीन लाख टन. भरघोस बहरानंतर पुढच्या वर्षी हात आखडण्याचा झाडाचा स्वभाव आहेच. पण हवामानाची साथ असेल तर त्या स्वभावाची धार कमी होते आणि नसेल तर असा कडेलोट होतो. ज्याचं कर्ज चांगल्या वर्षाच्या भरवशावर काढलेलं आहे, त्याला या दोन आकड्यांमधली दरी फार जवळून दिसते.

कुलूच्या बागायतदारांना हवामानातला हा बदल बराच आधी उमगला होता. नीरज वेदवान आणि रॉबर्ट रोड्स या अभ्यासकांनी खोऱ्यातल्या बागायतदारांशी बोलून २००१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यात शेतकऱ्यांचं म्हणणं नुसतं ‘बर्फ कमी झालं’ इतकंच नव्हतं. ते बर्फाच्या वेळेबद्दल बोलत होते. डिसेंबर-जानेवारीतलं बर्फ टिकतं, थंडीचे तास भरून देतं, हळूहळू विरघळत मुळांशी ओल ठेवतं. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चमध्ये पडलेलं बर्फ चार दिवसांत वाहून जातं आणि वर फुलोऱ्याला अडथळा करतं. डोंगरात बर्फाला ‘सफेद खाद’ म्हणतात. खोडाभोवतीच्या आळ्याला तिकडे ‘तौलिया’ म्हणतात. हिवाळ्यात तो खणून, शेणखत घालून तयार ठेवायचा आणि वर बर्फाचा थर पडू द्यायचा, ही बागेची जुनी रीत. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गचे उतार बर्फाविना करडे पडले तेव्हा पर्यटकांच्या निराशेच्या बातम्या झाल्या. बागांमधले तौलिये कोरडे राहिले, त्याच्या बातम्या तितक्या झाल्या नाहीत.

बर्फ आणखी एक काम करतं, ते उत्तर युरोपनं महागात शिकलं. हातभर जाडीच्या बर्फाखाली जमिनीलगतचं तापमान शून्याच्या आसपास राहतं, वर कितीही कडाका असो. डिसेंबर २००७ मध्ये उत्तर स्कँडिनेव्हियात अचानक ऊब आली, बर्फ वितळलं, खालची झुडपं उघडी पडली. काही कळ्यांना तर वसंत आल्याचा भास झाला. मग थंडी परतली. पुढच्या उन्हाळ्यात उपग्रहांतून पाहिलं तर चौदाशे चौरस किलोमीटरहून मोठ्या पट्ट्यात हिरवाई ठळकपणे घटलेली होती, आणि जमिनीवर क्रोबेरीची सदाहरित झुडपं तपकिरी होऊन वाळली होती. आर्क्टिक उबदार होतो आहे म्हणजे तिथे हिरवळ वाढेल, हा हिशेब अनेक ठिकाणी खराही ठरतो आहे. पण हिवाळ्यातली चार दिवसांची अवेळी ऊब तो उलटा करू शकते.

अशीच फसवी ऊब हिमालयातही येते. मार्च २०२२ हा भारतातला १९०१ पासूनच्या नोंदींतला सगळ्यात उष्ण मार्च ठरला. पंजाब-हरियाणात गव्हाचे दाणे आक्रसले, हे सगळ्यांना आठवतं. डोंगरात त्याच उबेनं फळझाडांच्या कळ्या नेहमीपेक्षा आधी जाग्या केल्या. जाग्या झालेल्या कळीची सोसण्याची ताकद दर पायरीला घटते. अमेरिकेतल्या विद्यापीठांनी बांधलेल्या तक्त्यांनुसार कळीच्या टोकाला नुकती चंदेरी झाक आली असताना उणे साडेनऊ अंशांना दहा टक्के कळ्या मरतात. हिरवं टोक दिसलं की तेवढंच नुकसान उणे आठच्या आसपास होतं. गुलाबी कळीला आणि पूर्ण उमललेल्या फुलाला उणे दोन पुरतं. उणे चारला शंभरातली नव्वद फुलं जातात. चंदेरी टोक आणि पूर्ण फूल यांत जेमतेम महिन्याचं अंतर असतं, आणि त्या महिन्यात झाड सात अंशांची सहनशक्ती गमावून बसतं.

गोठलेलं फूल बाहेरून ओळखू येत नाही. पाकळ्या पांढऱ्याशुभ्र, कडांना गुलाबी झाक, सगळं जागच्या जागी. बागायतदार सकाळी दहा-अकराच्या सुमारास, ऊन लागल्यावर, फूल तोडून ब्लेडनं उभं चिरतो. मध्यभागची जायांगाची दांडी आणि तिच्या तळाचा बीजांडकोश हिरवट असेल तर फळ धरेल. तिथे काळा ठिपका दिसला, तर ते फूल आठवडाभर झाडावर मिरवेल आणि गळून जाईल. वेगवेगळ्या फांद्यांवरची फुलं अशी चिरून काळ्या-हिरव्यांची मोजदाद केली की वर्षाचं उत्पन्न एप्रिलमध्येच कळतं.

फ्रान्सनं ही मोजदाद २०२१ मध्ये देशभर केली. मार्चअखेर तिथे उन्हाळ्यासारखी ऊब होती, द्राक्षवेली आणि फळझाडं जोमानं फुटली. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात पारा शून्याखाली घसरला. शाब्लीच्या मळ्यांत रात्रभर हजारो मेणपणत्या पेटवल्या गेल्या. काही ठिकाणी वेलींवर मुद्दाम पाणी फवारलं. हे ऐकायला उलटं वाटतं, पण पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं आणि बर्फाच्या कवचात कोंब शून्याच्या आसपास सुरक्षित राहतो, अट एवढीच की फवारणी पहाटेपर्यंत थांबता कामा नये. एवढं करूनही वाइन उद्योगाचं नुकसान दोन अब्ज युरोंच्या घरात गेलं. हवामान बदलाचा हात शोधणाऱ्या वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशनच्या शास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला. नुसत्या थंडीकडे पाहिलं तर तापलेल्या जगात अशा गोठवणाऱ्या रात्री कमी होत आहेत. पण वेली आता आधीच फुटतात हे धरलं, तर फुटलेल्या वेलीवर अशी रात्र येण्याची शक्यता साठ टक्क्यांनी वाढली आहे. तापमानवाढीमुळे गोठून नुकसान होतं, हे विधान ऐकून जे हसतात, त्यांनी हा हिशेब नीट वाचायला हवा.

हिमाचलच्या बागांनी यावर जो उपाय काढला, तो डोंगराळ मुलखाला सुचणाराच होता. बागा वर सरकल्या. कुलू खोऱ्याच्या खालच्या भागात बजौराच्या आसपास सफरचंदाची जागा डाळिंब, ‘जपानी फळ’ म्हणजे पर्सिमन, किवी आणि भाजीपाल्यानं घेतली. किन्नौरचं सफरचंद बाजारात भाव खाऊ लागलं. आणि रोहतांगच्या पलीकडे, तीन हजार मीटर उंचीच्या लाहौलमध्ये, जिथे वाटाणा आणि बटाटा हीच नगदी पिकं होती, तिथे सफरचंदाच्या ओळी उभ्या राहिल्या. पूर्वी तिथला हंगाम फार आखूड असे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा उघडला आणि मालाला वर्षभर वाट मिळाली. लाहौलच्या शेतकऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. पण पर्जन्यछायेतल्या त्या खोऱ्यात सगळी शेती वरच्या बर्फाच्या आणि हिमनद्यांच्या पाण्यावर, ‘कूल’ नावाच्या पाटांवर चालते. झाडाला वर्षानुवर्षं पाणी द्यावं लागतं, वाटाण्याच्या शेतासारखी बाग एखादा हंगाम पडीक ठेवता येत नाही. हिमनद्या मागे हटत असताना डोंगराचा हा शेवटचा मजला किती बागा पोसेल, याचा विचार रोपं लावण्याआधी व्हायला हवा होता. आणि कोटगढ-ठियोगच्या ज्या शेतकऱ्याकडे पाच-दहा बिघे आहेत, त्यानं वर कुठे जायचं? त्याची जमीन वर सरकत नाही.

त्याच्यासाठी दुसरा मार्ग आहे तो कमी थंडी मागणाऱ्या जातींचा आणि बुटक्या खुंटांचा. इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग केंद्रातून आलेल्या एम-९, एमएम-१०६ अशा खुंटांवर गालासारख्या जाती लावल्या तर तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ येतं. मात्र या खुंटांची, विशेषतः एम-९ ची, मुळं उथळ. तारांचा आधार, ठिबक, गारपिटीपासून वाचवायला वरून जाळी, असा सगळा सरंजाम लागतो. सरकार अनुदान देतं, तरी आधी पैसे घालण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. पाण्याची हुकमी सोय नसलेल्या उतारावर एम-९ लावणं हा तर जुगार आहे, असं कोणताही जाणता बागायतदार सांगेल.

बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावच्या हरिमन शर्मा यांनी सगळ्यांत धाडसी वाट काढली. सफरचंदाच्या पट्ट्याच्या पार खाली, आंब्याच्या मुलखात, त्यांनी निवडीतून ‘एचआरएमएन-९९’ ही जात उभी केली. ती चाळिशीतला उन्हाळा सोसते आणि जूनमध्येच तयार होते. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. याच जातीची रोपं महाराष्ट्रातही बऱ्याच शेतकऱ्यांनी लावली आहेत, आणि ‘आपल्या मातीत सफरचंद’ अशा बातम्या येत असतात. त्या प्रयोगशीलतेचं कौतुक करावं. पण परसात दहा झाडं फळणं आणि काश्मीरच्या मालाशी वाशीच्या बाजारात टक्कर देणं, यांत फार अंतर आहे. डेलिशियसचा गडद लाल रंग थंड रात्री आणि स्वच्छ उन्हाच्या जोडीनं भरतो. ती जोडी रोपवाटिकेतून विकत मिळत नाही. एकरभर बाग लावण्याआधी आपल्या शिवारातल्या झाडांची दोन-तीन पिकं पाहिलेली बरी.

तयार झालेलं फळ हातात येण्याआधी आणखी एक परीक्षा असते, पावसाळ्याची. उबदार-दमट हवेत मार्सोनिना नावाची बुरशी पानांवर काळपट डाग पाडते आणि ऑगस्टमध्येच झाड बोडकं करते. पानं गेली की फळाला गोडी येत नाही आणि पुढच्या वर्षीची कळीही नीट बांधली जात नाही. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये हिमाचलात ढगफुटीसारख्या पावसानं रस्तेच वाहून गेले. २०२५ च्या सप्टेंबरात जम्मू-श्रीनगर महामार्ग दिवसेंदिवस बंद राहिला, ट्रकांमध्ये सफरचंदं कुजली, आणि बडगामहून दिल्लीकडे रेल्वेनं माल पाठवण्याची सोय घाईनं सुरू करावी लागली. वर्षभर थंडी, ऊब, फूल, पराग सांभाळून जमवलेलं फळ शेवटी दरडीखालच्या रस्त्यानं अडवलं.

या सगळ्यातला सर्वांत कच्चा दुवा आहे तो मोजणीचा. फळपिकांचा हवामानावर आधारित विमा आहे, सफरचंदही त्यात येतं. भरपाई ठरते ती हवामान केंद्रावरच्या आकड्यांवरून. डोंगरात मात्र रात्रीची थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. एकाच गावात ओढ्याकाठची बाग उणे दोनला गोठते आणि वरच्या टेपावरची बाग शून्यावर वाचते. केंद्र तिसऱ्याच ठिकाणी, रस्त्यालगत असेल तर ओढ्याकाठच्या शेतकऱ्याची चिरलेली काळी फुलं कुणाच्या नोंदीत येत नाहीत. नौणीचं डॉ. यशवंत सिंह परमार विद्यापीठ, श्रीनगरची संशोधन केंद्रं यांच्याकडे थंडीचे तास मोजण्याचं ज्ञान आहे. स्वयंचलित तापमापक आता फार महागही राहिलेले नाहीत. उंचीच्या दर टप्प्याला आणि दर खोलगटीत असं एकेक यंत्र बसवावं, त्याचे आकडे बागायतदाराच्या मोबाइलवर यावेत आणि विम्यानं तेच आकडे ग्राह्य धरावेत. कुठली जात कुठे लावायची, कुठली बाग मोडायची आणि कुठे डाळिंबाकडे वळायचं, हे निर्णय आज शेतकरी शेजाऱ्याच्या अनुभवावर आणि रोपं विकणाऱ्याच्या शब्दावर घेतो आहे, आणि त्यातला प्रत्येक निर्णय पुढची पंचवीस वर्षं जमिनीत उभा राहणार आहे.